भिंत त्यांची, ओल आपली
अकरा महिन्यांचे घर गेल्या एप्रिलमध्ये सोडताना माझ्या डिपॉझिटमधून ‘भिंत खराब केल्याबद्दल’ १८,००० रुपये कापून घेण्यात आले. एवढी फी भरल्यावर ओल आलेल्या घरात सुखाने कसे नांदावे, हे इतरांना शिकवण्याचा अधिकार मला मिळाला आहे, असे मी मानतो.

घर नेहमी मे महिन्यात पाहावे. तेव्हा ठाण्यातली कोणतीही भिंत कोरडीच असते. एकाच भिंतीला ताज्या रंगाचा वास येत असेल, तर कारण विचारून एजंटाचा विरस करू नये.

जुलैत बेडरूमच्या भिंतीवर तपकिरी कडेचा डाग उमटला, की प्रथम स्वतःची चौकशी करावी. आपण स्वयंपाक करतो का? आंघोळ करतो का? श्वास घेतो का? घरमालकांच्या मते ओल या तिन्हींमुळे येते. मी फोटो पाठवले, तेव्हा ‘खिडक्या उघड्या ठेवत जा’ असे उत्तर आले. उघड्या खिडकीतून पाऊस आत आल्याचे कळवले, तेव्हा ‘पावसात खिडक्या कोण उघड्या ठेवतं?’ असे आले. कपाटामागे काळे ठिपके उठतात ते घरातल्या दमट हवेने, हे मला मान्य आहे आणि ते मी निमूटपणे पुसतही असे. पण सर आली की पसरणारा आणि उघडीप मिळाली की थबकणारा डाग बाहेरच्या प्लास्टरच्या भेगेतून येतो, हे कळायला इंजिनिअर व्हावे लागत नाही. सोसायटीच्या सेक्रेटरींनी ‘आम्ही फक्त सभासदाशी बोलतो’ असे सांगितले आणि सभासदांनी, म्हणजे घरमालकांनी, ‘बाहेरची भिंत सोसायटीची’ असे सांगितले. आदर्श उपविधींनुसार, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांनुसार, पावसाच्या पाण्याची गळती सोसायटीनेच दुरुस्त करायची असते, हे खरेच. पण त्यासाठी सभासदाने करायचा एक साधा अर्ज चार महिन्यांत लिहून झाला नाही. तोवर पोपडे सुटले, भिंतीला लोणा लागला, गाद्यांना कुबट वास धरला आणि मुलीचा खोकला दिवाळीपर्यंत हटला नाही.

चामड्याच्या चपला विसराव्यात.

कायदा तर मुळीच वाचू नये. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ यातील कलम १४ सांगते की, वेगळा करार नसेल तर जागा दुरुस्त ठेवण्यास घरमालक बांधील आहे. किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही त्याने वाजवी मुदतीत दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरूने ती करून खर्च भाड्यातून वळता करावा, मात्र वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. एवढे वाचून अंगात बळ आले, की आपला ‘लिव्ह अँड लायसन्स’ करार काढावा. तिथे आपण भाडेकरू नसतोच, ‘परवानाधारक’ असतो, आणि दुरुस्तीचे कलम आपल्याच गळ्यात बांधलेले असते.

वाचणाऱ्यांत घरमालकही असतील, म्हणून आता सरळ बोलतो. अहो, भाडे पाच तारखेऐवजी सहा तारखेला आले तर तुमचा फोन येतो. मग भिंतीतून पाणी झिरपताना तो का लागत नाही? माझ्या आधीच्या भाडेकरूचेही पैसे याच भिंतीपायी कापले होते, हे मला निघताना वॉचमनने सांगितले. दोघांचे पैसे घेऊन तुम्ही ती भेग बुजवली नाहीत, आतून रंग मारलात आणि मे महिन्यात घर पुन्हा दाखवायला काढलेत. ही चक्क लबाडी आहे. नव्या माणसाला निदान कपाट त्या भिंतीपासून वीतभर पुढे ओढायला तरी सांगा.