‘बेपत्ता झाला’ की ‘बेपत्ता केला’?

गेली बारा वर्षं मी पुण्यात स्पॅनिश शिकवते. दुसऱ्या पातळीच्या बॅचला ‘देसापारेसेर’ हे क्रियापद येतं. अर्थ सोपा, नाहीसं होणं. धुकं नाहीसं होतं, कपड्यावरचा डाग नाहीसा होतो. अकर्मक क्रियापद, म्हणजे कर्म घेत नाही, असं मी फळ्यावर लिहून देते. आणि मग दर बॅचला थांबून सांगते, की मेक्सिकोतल्या माणसांशी बोलाल तेव्हा हा नियम मोडलेला ऐकू येईल. तिथली आई म्हणते, ‘लो देसापारेसिएरोन’. त्याला नाहीसा केला. कोणी केला, हे वाक्यात नसतं. गावात बहुतेकांना ठाऊक असतं.

आपण मराठीत म्हणतो, मुलगा बेपत्ता झाला. जणू तो आपल्या पायानं चालत पत्त्याच्या बाहेर गेला. मेक्सिकोतल्या आयांनी व्याकरण मोडलं ते हौसेनं नाही. अकर्मक क्रियापद वापरलं की गुन्हेगार वाक्यातूनच सुटतो, म्हणून मोडलं.

डिसेंबर 2006 मध्ये राष्ट्राध्यक्ष फेलिपे काल्देरोन यांनी मिचोआकान राज्यात लष्कर उतरवलं आणि अमली पदार्थांच्या टोळ्यांविरुद्ध युद्ध पुकारलं. तेव्हापासून त्या देशात चार लाखांहून जास्त खून झाले. 2018 पासून कित्येक वर्षं दरसाल तीस हजारांच्या वर. आणि बेपत्ता केलेल्यांची सरकारी नोंद मे 2022 मध्ये एक लाखाच्या पुढे गेली, आज ती सव्वा लाखाच्याही पुढे आहे. यातले बहुतेक 2006 नंतरचे. गेल्या काही महिन्यांत ओळखीच्या दोघा-तिघांनी मला विचारलं, की अमुक मालिकेतला तो डॉन खराच तसा होता का गं. मला उत्तर द्यावंसं वाटलं नाही. त्या डॉनबद्दल मला फारसं सांगायचं नाहीये. मला त्या सळईबद्दल सांगायचंय.

साधी लोखंडी सळई. छातीपर्यंत येईल एवढी, वर धरायला आडवी मूठ, खाली टोक काढलेलं. जिथे माती भुसभुशीत वाटते, गवत आजूबाजूपेक्षा वेगळं उगवलेलं दिसतं, तिथे ती हातोड्यानं ठोकत खाली घालायची. मग ओढून बाहेर काढायची आणि टोक नाकाशी न्यायचं. खाली माणूस असेल तर वास येतो.

हे काम आया करतात. शिक्षिका, घरकाम करणाऱ्या, टपरी चालवणाऱ्या, निवृत्त झालेल्या. डोक्यावर उन्हाची टोपी, लांब बाह्यांचा शर्ट, पाठीवर पाण्याची बाटली. यांना ‘माद्रेस बुस्कादोरास’ म्हणतात, शोधणाऱ्या आया. त्यांचे गट फेसबुकवर लाइव्ह करतात. भाषा कानावर पडावी म्हणून चार-पाच वर्षांपूर्वी मी ते बघायला सुरुवात केली. आता भाषेसाठी बघत नाही. एका लाइव्हमध्ये एक बाई सळईचं टोक हुंगून शेजारणीकडे देते, दुसरी हुंगते, मान हलवते, आणि दोघी काही न बोलता फावडं उचलतात. वेलचीचा डबा उघडून एकमेकींना द्यावा तितक्या सहज. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

सिनालोआ राज्याच्या उत्तर भागातल्या आया मातीतून निघालेल्या हाडांना ‘तेसोरोस’ म्हणतात. खजिना. मृतदेह म्हणत नाहीत, अवशेष तर नाहीच नाही. ‘आज एक खजिना सापडला,’ असं म्हणतात आणि रडतात.

दुसरा एक शब्द आहे, ‘लेवान्तार’. शब्दशः उचलणं. ‘त्याला उचलला’ म्हणजे टोळीनं गाडीत कोंबून नेला. हा शब्द बॅचला समजावून सांगावा लागत नाही. आपल्याकडेही ‘उचलला’ म्हटलं की कळतं. ‘कोब्रो दे पिसो’चंही तसंच. टोळीच्या हद्दीत धंदा करायचा तर जागेचा मोबदला द्यायचा. आपल्या भाषेत हप्ता. मुंबईत एके काळी बिल्डरांकडून, हॉटेलवाल्यांकडून खंडणी उकळली जायची, ते आठवणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. फक्त तिथे तो लिंबू पिकवणाऱ्या शेतकऱ्यापासून मक्याच्या रोट्या विकणाऱ्या बाईपर्यंत सगळ्यांना द्यावा लागतो. मिचोआकानमधल्या आपात्सिंगानच्या लिंबू उत्पादकांचे नेते बेर्नार्दो ब्रावो या हप्त्याविरुद्ध उघड बोलायचे. ऑक्टोबर 2025 मध्ये त्यांना मारलं. दोन आठवड्यांच्या आत, 1 नोव्हेंबरला, त्याच राज्यातल्या उरुआपानचे महापौर कार्लोस मान्सो यांना भर चौकात गोळ्या घातल्या. पितरांच्या सणाची संध्याकाळ होती, दिवे लागलेले होते, लोक पोराबाळांना घेऊन आले होते.

याच राज्यातली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. मिचोआकानचा आव्होकाडो अमेरिकेत जातो. फेब्रुवारी 2022 मध्ये तिथे फळं तपासणाऱ्या एका अमेरिकी निरीक्षकाला धमकी आली. अमेरिकेनं तात्काळ आयात थांबवली, दोन्ही सरकारांची पळापळ झाली, सुरक्षेची हमी दिली गेली आणि आठवडाभरात व्यवहार परत सुरू झाला. म्हणजे करायचं ठरवलं तर होतं. एका माणसाच्या जिवाला धोका आहे म्हणून आठवड्याभरात यंत्रणा हलते. तो निरीक्षक सुखरूप राहिला याचा मला आनंदच आहे. पण त्याच बागांमध्ये काम करणाऱ्यांना धमक्या आल्या तेव्हा हे धावणारे सगळे कुठे होते, हा प्रश्न मी कोणाला विचारायचा?

आणि आता बुटांबद्दल.

मार्च 2025. हालिस्को राज्यातलं तेउचित्लान गाव, तिथला इसागिर्रे नावाचा मळा. बेपत्ता माणसांच्या नातेवाइकांचा एक गट आत शिरला आणि त्यांना शेकडो बूट-चपला सापडल्या. कपडे, पाठीवरच्या सॅक, पट्टे. हालिस्कोच्या टोळीचा हा भरतीचा अड्डा होता. तरुण पोरांना समाजमाध्यमांवर नोकरीच्या जाहिराती दिसायच्या, बहुतेक सुरक्षारक्षकाच्या, पगार बरा. ग्वादालाहाराजवळच्या बस स्टँडवर या, म्हणायचे. पोरं घरून निघताना आईला सांगून निघाली होती, की नोकरी लागतेय.

त्या गटानं बुटांचे फोटो, व्हिडिओ टाकले आणि देशभरातल्या आया मोबाइलची स्क्रीन बोटांनी मोठी करकरून बघत बसल्या. हा माझ्या मुलाचा शर्ट आहे. या सॅकची चेन मी बदलली होती. अशा प्रकारच्या कमेंट्स मी स्वतः वाचल्या, एकीखाली एक. ते लाइव्ह मी पूर्ण बघू शकले नाही. ज्या पायपुसण्यावर मी रोज माझ्या मुलाचे शाळेचे बूट काढून ठेवते, त्यावर दुसऱ्या दिवशी मला पाय ठेवता येईना.

सगळ्यात संताप आणणारी गोष्ट अशी, की हा मळा कोणी अचानक शोधून काढलेला नव्हता. सप्टेंबर 2024 मध्ये नॅशनल गार्डनं तिथे छापा घातला होता, दहा जणांना पकडलं होतं, ओलीस सोडवले होते. त्यानंतर ती जागा सरकारी तपास यंत्रणेच्या ताब्यात होती. सहा महिने! आणि बूट मिळाले ते फावडं घेऊन आलेल्या घरच्यांना.

म्हणून मी म्हणते, ‘बेपत्ता केला’ या क्रियेचा कर्ता एकटी टोळी नसते. सप्टेंबर 2014 मध्ये आयोत्सिनापाच्या अध्यापक विद्यालयातले 43 विद्यार्थी इग्वाला शहरात उचलले गेले. 1968 च्या विद्यार्थी हत्याकांडाच्या आठवणीत दर 2 ऑक्टोबरला निघणाऱ्या मोर्चाला राजधानीत जायला म्हणून ते बसेस ताब्यात घ्यायला निघाले होते. त्यांना अडवलं ते पोलिसांनी, आणि पोलिसांनीच टोळीच्या हाती दिलं. मग अॅटर्नी जनरल टीव्हीवर आले आणि म्हणाले, पोरांना कचरा डेपोत जाळलं, हेच ऐतिहासिक सत्य आहे. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी ते सत्य खोडून काढलं. 2022 मध्ये त्या माजी अॅटर्नी जनरलनाच अटक झाली. आजपर्यंत 43 पैकी फक्त तिघांच्या अवशेषांची ओळख पटली आहे. त्यांच्या घरच्यांच्या मोर्चांत एक ते त्रेचाळीस आकडे मोठ्यानं म्हणतात. मधे कोणी घाई करत नाही.

आणि शवागारं! 2018 मध्ये ग्वादालाहारात शवागार भरलं म्हणून दीडशेहून जास्त प्रेतं एका वातानुकूलित ट्रेलरमध्ये भरून तो ट्रेलर शहराबाहेर इकडून तिकडे हलवत होते. वास आला म्हणून वस्तीतल्या लोकांनी आरडाओरडा केला तेव्हा देशाला कळलं. ओळख न पटलेले पन्नास हजारांहून जास्त मृतदेह सरकारच्याच शवागारांत आणि सामायिक कबरींत आहेत. कुठल्या तरी आईनं डोंगर खणून काढावा आणि तिचं पोर सरकारी कपाटात नंबर लावून पडलेलं असावं.

या सगळ्यात कर्ता म्हणून अजून एक जण असतो. आपण. ‘काहीतरी केलं असेल त्यानं, उगाच कोण उचलतंय.’ मेक्सिकोत हे वाक्य जसंच्या तसं बोललं जातं. जानेवारी 2010 च्या शेवटी सिउदाद हुआरेसमध्ये वाढदिवसाच्या पार्टीत 15 जणांना मारलं, बहुतेक शाळा-कॉलेजची मुलं. राष्ट्राध्यक्ष काल्देरोन तेव्हा परदेशात होते, तिथूनच म्हणाले की टोळ्यांचं आपसातलं भांडण दिसतंय. नंतर ते हुआरेसला आले तेव्हा दोन्ही मुलगे गमावलेली एक कामगार बाई सभेत उठून त्यांच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, माफ करा, पण मी तुमचं स्वागत करू शकत नाही. हे वाक्य मी मुलांना स्पॅनिश म्हणून शिकवते. त्यात चूक काढायला जागा नाही.

माझ्या आत्याचे यजमान 1983 साली मुंबईला जातो म्हणून गेले ते परत आले नाहीत. कोणी नेलं नव्हतं, एवढं तरी आम्हाला वाटतं. तारीखच ठाऊक नाही म्हटल्यावर वडीलधाऱ्यांनी सुचवलं, सर्वपित्रीला पान वाढ. आत्या म्हणाली, ‘मी पान वाढलं की मीच त्यांना मारलं असं होईल.’ शेवटपर्यंत कुंकू लावलं तिनं. मेक्सिकोत नोव्हेंबरमध्ये घरोघरी पितरांसाठी चौरंग मांडतात, झेंडूची फुलं, दिवे, गेलेल्यांचे फोटो. बेपत्ता केलेल्यांच्या कितीतरी आया त्यावर मुलाचा फोटो ठेवत नाहीत. मला ते वाचून आत्याचा चेहरा दिसला. 2017 च्या कायद्यानं तिथे निदान एवढं केलं, की माणसाला मृत न ठरवता ‘अनुपस्थित’ घोषित करता येतं, म्हणजे त्याचं घर, खातं, पेन्शन घरच्यांना सांभाळता येतं. त्या कायद्यासाठीही आयांनाच झगडावं लागलं.

‘तिकडचं आहे, आपल्याला काय’ असं कोणी कमेंटमध्ये लिहील म्हणून आधीच लिहिते. ऑगस्ट 2010 मध्ये तामाउलिपास राज्यातल्या सान फेर्नान्दोत सेतास टोळीनं अमेरिकेकडे निघालेल्या 72 स्थलांतरितांना भिंतीशी उभं करून मारलं. होन्डुरास, एल साल्वादोर, ग्वातेमाला अशा देशांची माणसं. त्यात एक भारतीय होता. 2019 मध्ये मेक्सिकोनं एकाच विमानात 311 भारतीयांना दिल्लीला परत पाठवलं, ते याच वाटांवरून निघालेले होते. टोळ्यांकडच्या बंदुका बहुतांशी अमेरिकेतल्या दुकानांतून येतात. जप्त होऊन माग काढलेल्या दहातल्या सातांचा माग तिथे पोचतो. आणि फेंटानिल या अफूसारख्या पण कृत्रिम, जीवघेण्या अमली पदार्थाचा कच्चा माल? मुख्यतः चीनमधून. पण जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागानं गुजरातमधल्या दोन रसायन कंपन्यांवरही तो पुरवल्याचा आरोप ठेवला आहे. 2018 मध्ये इंदूरला फेंटानिलचा साठा पकडला तेव्हा अटक झालेल्यांत एक मेक्सिकन नागरिक होता. पिंपांवरची लेबलं आपल्याला वाचता येतील अशा लिपीतही असू शकतात.

मोठा म्होरक्या पकडला की बातमी होते. सिनालोआ टोळीचा एल चापो जन्मठेपेत आहे. जुलै 2024 मध्ये त्याच टोळीचा दुसरा म्होरक्या एल मायो पकडला गेला. त्यानंतर सप्टेंबरपासून सिनालोआची राजधानी कुलियाकानमध्ये चापोच्या मुलांचा आणि मायोचा असे दोन्ही गट एकमेकांवर तुटून पडले, शाळा बंद, दुकानं संध्याकाळच्या आत बंद, आणि रोज नवी पोरं उचललेली. याच शहरात 15 मे 2017 रोजी भर दुपारी पत्रकार हाविएर वाल्देस यांना रस्त्यावर गोळ्या घातल्या. त्याआधी दोनच महिने मिरोस्लावा ब्रीच या पत्रकार बाईंना मारलं होतं, तेव्हा वाल्देस यांनी लिहिलं होतं, या नरकाची बातमी देण्याची शिक्षा मृत्यू असेल तर आम्हा सगळ्यांना मारा, गप्प बसणं नाही.

तिथे मातृदिन 10 मेला असतो, आणि शोधणाऱ्या आया त्या दिवशी मोर्चा काढतात. 2016 च्या मोर्चात वेराक्रूसमध्ये काही अनोळखी माणसांनी आयांच्या हातात कागद दिला. हातानं काढलेला नकाशा, त्यावर फुल्या. आयांनी सोडती काढून, खाणं विकून पैसे उभे केले आणि त्या फुल्या खणल्या. अडीचशेहून जास्त कवट्या निघाल्या. पुढच्याच वर्षी 10 मेच्या रात्री सान फेर्नान्दोत मिरियाम रोद्रिगेस यांना घराबाहेर गोळ्या घातल्या. मुलीच्या मारेकऱ्यांना त्यांनी एकेक करून स्वतः शोधून पोलिसांच्या हाती दिलं होतं.

आपल्याकडे पिठोरीला आई खीरपुरीचं ताट डोक्यावरून मागे धरते आणि विचारते, ‘अतीत कोण?’ मागून पोर म्हणतं, ‘मी.’ यंदा मी ताट धरलं तेव्हा माझ्या मुलानं उत्तर द्यायला जरा उशीर लावला, मजा म्हणून. त्याला मी ओरडले, खूप ओरडले, आणि तो का ते कळेना म्हणून बघत राहिला.

उत्तर सिनालोआतल्या त्या आया बुधवारी आणि रविवारी शोधायला निघतात. त्यांच्या शर्टवर लिहिलेलं असतं, ‘तू सापडेपर्यंत तुला शोधीन.’ गट सुरू करणाऱ्या मिर्ना मेदिना यांचा मुलगा 14 जुलै 2014 रोजी उचलला गेला. बरोबर तीन वर्षांनी, त्याच तारखेला, त्यांना त्याची हाडं सापडली. ज्यांना आपलं माणूस सापडतं त्यांचा शर्ट बदलतो, त्यावर लिहिलेलं असतं, ‘वचन पूर्ण.’ तो शर्ट घालून त्या पुढच्या बुधवारी पुन्हा सळई घेऊन येतात, दुसरीच्या मुलासाठी.