नाईट कोण करणार?

सिंधुदुर्गातल्या आमच्या वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भाईने एक बातमी टाकली. भाई म्हणजे माझा चुलतभाऊ, वयाने मोठा, म्हणून सगळ्या वाडीचाच भाई. बातमी २०२५च्या जुलैमधली, शिळी: ब्रिटनने परदेशातून नवे केअर वर्कर, म्हणजे म्हाताऱ्या-आजारी माणसांची देखभाल करणारे, आणणं बंद केलं. खाली त्याचं वाक्य, "इंग्लंडाक जमता, मगे आमका कित्याक जमणा नाय?" आणि त्याखाली २६ जानेवारीच्या ग्रामसभेत मांडायच्या ठरावाचा मसुदा. गावात परप्रांतीय आणि नेपाळी माणसांना घर, मांगर (बागेतली खोपटी), जागा भाड्याने द्यायची नाही, बागेत कामाला ठेवायचं नाही. लगेच अंगठ्यांचा पाऊस पडला. त्यातले निम्मे अंगठे डोंबिवली-नालासोपाऱ्यातले.

मी इंग्लंडात लिंकनशायरच्या किनाऱ्यावर, स्केग्नेसजवळच्या एका नर्सिंग होममध्ये नर्स आहे. भाई ज्या बातमीवर खूश झालाय ती माझ्या रोट्याची, म्हणजे ड्युटीच्या वेळापत्रकाची बातमी आहे. त्यामुळे 'इंग्लंडाक जमता' हे वाक्य डोक्यातून जाईना. काय जमलंय इंग्लंडला, ते जरा सांगते.

२०२१-२२मध्ये इंग्लंडच्या सोशल केअरमध्ये सुमारे १,६५,००० जागा रिकाम्या होत्या. ब्रेक्झिटमुळे युरोपातून माणसं यायची बंद झालेली, कोविडने उरलेली थकलेली. म्हणून फेब्रुवारी २०२२मध्ये सरकारने केअर वर्करना व्हिसाच्या यादीत घातलं. केरळ, झिम्बाब्वे, नायजेरिया, घाना इथून माणसं आली. आमच्या फ्लोअरवर कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा बदली माणसांसाठी एजन्सीला फोन न करता वीकेंड निघाला. मग लोकांचं गणित सुरू झालं. सप्टेंबर २०२३पर्यंतच्या वर्षात १,००,००० केअर वर्करबरोबर १,२०,००० कुटुंबीय आले, हा सरकारनेच दिलेला आकडा. भाईला तो आवडेल, त्याने जरूर वापरावा. मार्च २०२४पासून सांगितलं, तुम्ही या, नवरा-बायको-मुलं तिकडेच ठेवा. जुलै २०२५मध्ये सांगितलं, तुम्हीही येऊ नका. आधीच इथे असलेल्यांना २०२८पर्यंत नोकरी बदलून या कामात राहता येईल, बस. आणि नोव्हेंबर २०२५मध्ये नवा प्रस्ताव आला: केअर वर्करला कायमचं राहायला पाच नाही, पंधरा वर्षं थांबावं लागेल. जे आधीच येऊन बसलेत, त्यांनाही.

रिकाम्या जागा २०२४-२५मध्ये १,११,०००वर आल्या. त्या भरल्या त्याच माणसांनी. सरकारने दार लावलं आणि म्हणून जागा भरल्या, असं झालेलं नाही.

"त्यांच्या लोकांनी करावं काम," असं भाईचं पुढचं म्हणणं. करतात की. माझ्याबरोबरची नाईटची (रात्रपाळीची) सीनियर केअरर स्केग्नेसचीच, साठीला आलेली, होइस्ट (माणूस उचलायचं यंत्र) हाताळण्यात तिच्यासारखी दुसरी कोणी नाही. पण एप्रिल २०२५मध्ये किमान वेतन तासाला १२.२१ पौंड झालं, केअरमध्ये बहुतेकांना त्याच्या आसपासच मिळतं आणि सुपरमार्केटच्या टिलवर (बिलाच्या काउंटरवर) थोडं जास्त. टिलवर कोणी चावत नाही, रात्री तीनला चादर बदलावी लागत नाही, ख्रिसमसला घरी बसता येतं. पगार वाढवायचा तर काउन्सिलने, म्हणजे इथल्या स्थानिक सरकारने, होमला जास्त पैसे द्यायला हवेत. काउन्सिलकडे पैसे नाहीत आणि कर वाढवा म्हणायची कोणाची हिंमत नाही. तेव्हा सगळ्यांत सोपी गोष्ट म्हणजे व्हिसावर बोलायचं.

फ्लोअरवर माणूस कमी पडला की मॅनेजर नवीन ॲडमिशन घेत नाही. मग हॉस्पिटलात बऱ्या झालेल्या आजीला डिस्चार्ज मिळत नाही, कारण तिला ठेवणार कुठे? तिची खाट अडते म्हणून ए अँड ईमधला (तातडीच्या विभागातला) माणूस कॉरिडॉरमध्ये ट्रॉलीवर. ट्रॉलीही नसली की ॲम्ब्युलन्स दाराबाहेर इंजिन चालू ठेवून उभी, आणि तेवढ्यात दुसऱ्या गावात कोणाच्या छातीत दुखत असतं. हे सगळं एका रिकाम्या नाईटपासून सुरू होतं. व्हिसा बंद झाल्याची बातमी टीव्हीवर आली. ही साखळी बातमीत येत नाही, ती मी पाळी बदलताना हॅंडओव्हरला ऐकते.

एक मात्र कबूल करायला हवं. केअर व्हिसाचा बाजार मांडला होता, यात खोटं नाही. जुलै २०२२ ते डिसेंबर २०२४ एवढ्यात इथल्या सरकारने केअरमधल्या ४७०हून जास्त कंपन्यांचे स्पॉन्सर लायसन्स, म्हणजे परदेशातून माणसं आणायचे परवाने, रद्द केले. त्या कंपन्यांशी जोडलेली ३९,०००हून अधिक माणसं. लायसन्स गेलं की ६० दिवसांत दुसरा स्पॉन्सर शोधा, नाहीतर निघा. पोरींनी घर गहाण टाकून एजंटला पैसे दिलेले, इकडे येऊन बघतात तर शिफ्टच नाहीत. मला त्यांची दया येते आणि खरं सांगायचं तर थोडा रागही येतो. मी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) करून, वॉर्डात वर्षं काढून, इंग्रजीची परीक्षा, मग ओएससीई ही नर्सिंगची प्रात्यक्षिक परीक्षा असं करत आले. एजंटला एक पैसा दिला नाही. त्यामुळे केअर वर्कर आणि नर्स यांना इथे कोणी एकाच टोपलीत घातलं की मी दुरुस्त करते. करू नये कदाचित, पण करते.

आता स्केग्नेसचं सांगते, कारण इथला परका कोण हे भाईला कळलं तर मजा येईल. शेजारच्या बोस्टनने २०१६मध्ये युरोपातून बाहेर पडायला ७५ टक्क्यांहून जास्त मतं दिली, देशात सर्वांत जास्त. मे २०२५मध्ये काउंटी काउन्सिलही रिफॉर्मकडे, म्हणजे बाहेरच्यांना विरोध करणाऱ्या पक्षाकडे गेली. तिथल्या शेतात कोबी आणि फ्लॉवर काढायला अजून पोलंड, लिथुआनिया, रोमानियाचीच माणसं आहेत. आणि आमच्या होममधले निम्म्याहून जास्त रेसिडेंट मूळचे इथले नाहीत. नॉटिंगहॅम, लेस्टर, डर्बीच्या कारखान्यांत आणि खाणींत जन्म काढला, तरुणपणी सुट्टीला समुद्रावर यायचे, निवृत्त झाल्यावर तेच बंगले घेऊन इथे आले. मुलं तिकडेच राहिली. आपले मुंबईतले गिरणीतले लोक पेन्शन घेऊन गावी परततात तसे, फक्त यांचं गाव हे नव्हतंच. त्यांच्यातला एक आजोबा पोस्टल बॅलट भरताना मला म्हणाला, तुझ्याबद्दल नाही हो हे, बाकीच्यांबद्दल. मी त्याचा चष्मा पुसून दिला आणि औषधांची ट्रॉली पुढे ढकलली.

मसुदा वाचून मी भाईला फोन केला तेव्हा तो म्हणाला, "तुमचो बहादूर सोडून, बाकीच्यांचा सांगतंय मी."

तर आमचा बहादूर. त्याचं खरं नाव वेगळं आहे, वाडीत ते कोणी विचारत नाही. देवगड तालुक्यात हापूसच्या बागा ज्यांच्या आहेत त्यांना हे सांगायला नको: दसरा-दिवाळीच्या सुमारास नेपाळी जोडपी येतात, मांगरात राहतात, मोहोर, फवारणी, माकडं, चोर, उतरवणी, पेट्या सगळं सांभाळतात आणि पाऊस तोंडावर आला की परततात. आमचं जोडपं हल्ली पावसाळ्यातही जात नाही, कारण आई एकटी असते. बायको आईचं बीपी बघते, साखर तपासते, आकडे मला पाठवते. पाय सुजले तर फोटो पाठवते. मी इथून गोळी बदलायला सांगत नाही, डॉक्टरला दाखव म्हणते, आणि ती आईला रिक्षाने नेते. माझ्या होममध्ये एवढं करणाऱ्या मुलीला मी सीनियर केअरर केलं असतं.

म्हणजे या वादात माझा स्वार्थ आहे, आणि तो लहान नाही. भाईने तेच ग्रुपवर, सगळ्यांसमोर काढलं: "थय गोऱ्यांच्या म्हाताऱ्यांचा करतस आणि हय आवशीक नेपाळ्यांच्या गळ्यात बांधलंस." ते वाचलं तेव्हा मी नाईट संपवून बसस्टॉपवर होते. उत्तर लिहिलं, पुसलं, परत लिहिलं.

उत्तर असं आहे. २०१२पासून इथे म्हाताऱ्या आईवडिलांना आणायचा नियम इतका आवळलाय की तो जवळजवळ बंदच आहे. तिला स्वतःचं काही करता येत नाही आणि तिकडे पैसे देऊनही ती देखभाल मिळू शकत नाही, हे सिद्ध करावं लागतं. माझ्या आईला देखभाल मिळते, त्याच नेपाळी बाईकडून. म्हणजे नियमाप्रमाणे ती बाई आहे म्हणून आईला व्हिसा नाही, आणि भाईच्या ठरावाप्रमाणे ती बाईही नको. आणि हे सगळं समजा मिटलं, तरी आई येणार नाही. "थय येवन काय करू? खिडकेतसून गाडये मोजू?" हे तिचं उत्तर कायमचं ठरलेलं. मी परत जावं का? जाऊ शकते. सिंधुदुर्गात नर्स म्हणून कंत्राटावर किती मिळतात ते मला माहीत आहे आणि भाईलाही.

भाईला बांबोळीची आठवण करून दिली. आपल्या जिल्ह्यातलं कोणीही सिरीयस झालं की गाडी गोवा मेडिकल कॉलेजकडे वळते. ओरोसला सरकारी मेडिकल कॉलेज २०२१मध्ये आलं, तरी सवय आणि गरज दोन्ही टिकून आहेत. जानेवारी २०१८मध्ये गोवा सरकारने बाहेरच्या रुग्णांना फी लावली. त्यांचंही म्हणणं हेच होतं की बाहेरच्यांनी आमच्या खाटा अडवल्यात. तेव्हा दोडामार्गात लोक रस्त्यावर बसले, आणि भाईच्या वडिलांच्या हृदयाचं बांबोळीलाच झालेलं असल्यामुळे भाई तेव्हा माणुसकीवर फार छान बोलायचा. गोव्याला खाटा मोजायचा हक्क नव्हता का? होता. मला तेव्हाही ती फी चुकीचीच वाटली. आपण परप्रांतीय असलो की मला नेहमीच तसं वाटतं, हे भाईने दाखवून द्यायच्या आधी मीच लिहून ठेवते.

आणि कायदा? ब्रिटन हा देश आहे, त्याने दार लावलं तर तो त्याचा अधिकार, परिणाम त्याने भोगावेत. ग्रामसभा हा देश नाही. बिहार, कर्नाटकातल्या माणसाला कुठेही राहायचा, काम करायचा हक्क घटनेच्या १९व्या कलमाने दिलाय. नेपाळ्यांना १९५०च्या करारामुळे व्हिसा लागत नाही. पोलिसांकडे नोंद करा म्हणत असतील तर शंभरदा करावी, आमच्या दोघांची केलेली आहे. पण नोंदीबरोबर मजुरीही लिहून ठेवू या का? सुट्टी? मांगरात संडास आहे की नाही? इथल्या केअर वर्करला निदान पेस्लिप आणि वर्षाला २८ दिवस पगारी रजा आहे. आपल्या बागेतल्या माणसाला हंगामाचा ठोक आकडा आणि वर पेटीभर आंबे. हा मुद्दा मात्र ग्रुपवर कोणी उचलला नाही.

२००१मध्ये सिंधुदुर्गची लोकसंख्या ८,६८,८२५ होती, २०११मध्ये ८,४९,६५१. महाराष्ट्र वाढत असताना आपण कमी झालो. पुढची जनगणना होईल तेव्हा बघू. भाईचे दोन्ही मुलगे पुण्यात, मुलगी ठाण्यात. आंबा राखायला, खलाशी म्हणून होडीवर जायला, म्हातारीच्या उशाशी रात्र काढायला त्यांच्यातलं कोणी येणार नाही, आणि येऊ नये असंच भाईलाही वाटतं. म्हणूनच त्याने त्यांना शिकवलं. माझ्या बाबांनी मला शिकवलं तसंच.

मला जे खरोखर बोचतं ते वेगळंच आहे. मी अजून भारतीय पासपोर्टवर आहे. कॉमनवेल्थची नागरिक म्हणून मला इथल्या पार्लमेंटला मत देता येतं, आणि मी दिलंय. दोन रिफॉर्मवाल्या बायकांच्या मधे रांगेत उभी राहून, एकीची छत्री धरून दिलंय. गावात सातबाऱ्यावर माझं नाव आहे, आई आहे, घर आहे, आणि ग्रामसभेत माझ्यासाठी हात वर करणारं कोणी नाही. ज्या गावाला मी दिवसातून दहा वेळा 'आमचं' म्हणते, तिथे माझा आवाज म्हणजे ग्रुपवरचा मेसेज, आणि ॲडमिन भाई आहे. इथे मला कोणी परत जा म्हणालं तर मी उलट बोलते. भाई "तुका काय कळता आता हयला" म्हणाला तेव्हा मला काही सुचलं नाही.

मी ग्रुपवर शेवटी एवढंच लिहिलं: ठराव पास झाला तर डिसेंबर ते मे आमच्या बागेत राहायला आणि आईची साखर बघायला कोण येणार, त्याचं नाव कळवा, तिकीट मी काढते. भाईचं उत्तर नाही. त्याच्या धाकट्याने मात्र वेगळा मेसेज केला. बीएस्सी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे तो. "आत्या, थय नर्सांक अजून घेतत मां? पप्पांका सांगू नको."

घेतात, मी कळवलं. केअरचं बंद झालंय, नर्सिंगचं चालू आहे. आधी दोन वर्षं चांगल्या वॉर्डात काढ, इंग्रजीची तयारी आत्तापासून कर, आणि कोणी व्हिसासाठी लाखात पैसे मागितले तर नंबर ब्लॉक कर. राहायला सुरुवातीला माझ्याकडे ये.