जड आहे ना, मग कुठं जातंय!

काल पाळधीजवळ पोकलेन भरायला गेलो. मशीन माझ्या लो-बेडवर, म्हणजे बुटक्या ट्रेलरवर चढलं, बूम म्हणजे त्याचा लांब हात खाली टेकला. मी चेन ओढायला घेतली तोच साइटचा सुपरवायझर कानात इअरफोनची बोंडं घालून आला, बुटाच्या टोकानं चेन ढकलली आणि म्हणतो, "काय भो, बैल बांधतोस का? 20 टनाचं धूड आहे, कुठं जातंय!"

कुठं जातंय? धुळ्याजवळ लळिंगच्या उताराला एखादी म्हैस आडवी आली, मी ब्रेक दाबला, की थेट माझ्या केबिनीत येतंय. ट्रेलरच्या लोखंडी डेकवर मशीनचे लोखंडी पट्टे, म्हणजे ट्रॅक, त्यात ट्रॅकला काळ्या मातीचा चिखल, म्हणजे साबणावर वीट ठेवल्यागत. खाली लाकडी फळ्या टाकायला सांगितल्या तर म्हणे, "फळ्या शटरिंगला लागतात." युरोपात पुढे सरकू नये म्हणून वजनाच्या 80 टक्के जोर धरून बांधतात. 20 टनाला 16 टन. हा गडी काथ्याचा दोर दाखवतोय! वर शेठला फोन, "ड्रायव्हर टाइमपास करतोय." शेठ म्हणे हॉल्टिंग, म्हणजे गाडी थांबल्याचे पैसे, विसर.

हॉल्टिंग घाल चुलीत. चार कोपऱ्याला चार चेन, बूमला वेगळी, बकेटला वेगळी. तो उन्हात उभा राहून जांभया देत होता. देऊ दे.

आणि ते सळयावाले! मागे हातभर सळ्या बाहेर, टोकाला लाल फडकं, झाला बंदोबस्त. 2019 पासून बाहेर आलेल्या मालाला 20 हजार दंड आहे, पण रात्री पारोळ्याच्या पुढे त्यांच्या मागे गाडी लागली की फडकंसुद्धा दिसत नाही. सावद्याकडचे केळीवाले पिकअप तर विचारूच नका, नायलॉनची एक दोरी आणि देवावर भरवसा. ताडपत्री फडफडत ओव्हरटेक करतात, वर हॉर्न मलाच. शेतकऱ्याची केळी म्हणून गप्प बसतो, नाहीतर...

घरचे म्हणतात तुम्हाला बांधायचं वेडच लागलंय. खोटं नाही. परवा लग्नात मांडवाचे दोर ओढून बघत होतो, तर नवरदेवाचा मामा धावत आला, "काही चुकलं का आमचं?" एक गाठ ढिली होती. मी बांधून टाकली. मग जेवायला बसलो तरी लक्ष त्या खांबाकडेच.

तरी त्या सुपरवायझरला सांगून ठेवतो, पुढच्या खेपेला काथ्याचा दोर दाखवलास तर मशीन भरून देईन, पण केबिनीत माझ्या शेजारी धुळ्यापर्यंत तू बसायचं.