अकरा मतांची शिंक

आमच्या घराण्यात शिंकण्यावरून माझं नाव खराब आहे. माझे थोरले काका सांगलीत गावभागातून नगरपालिकेला अपक्ष उभे राहिले, तेव्हा मी चौथीत होतो. अर्ज भरायला निघण्याचा मुहूर्त काढलेला, काकूनं हातावर दही घातलेलं, दाराशी रिक्षा धडधडत उभी. काकांनी उंबऱ्याबाहेर उजवा पाय टाकला आणि मी शिंकलो. एकदाच, पण दणदणीत. काका परत फिरले, पाटावर बसले, गूळपाणी घेतलं आणि पाच मिनिटांनी पुन्हा निघाले. पुढचे पंधरा दिवस आम्ही पोरांनी रिक्षात बसून "ताई माई अक्का, विचार करा पक्का, कपबशीवर मारा शिक्का" असं ओरडून घसे बसवून घेतले. काका अकरा मतांनी पडले.

ती अकरा मतं तेव्हापासून माझ्या खात्यावर आहेत. चुलतबहिणीच्या लग्नात मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आधी आत्या माझ्याजवळ येऊन म्हणाली होती, "तू जरा बाहेर गुलाबपाणी द्यायला थांबतोस का?"

तर असा मी 2014 च्या डिसेंबरात टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात, हातात क्लिपबोर्ड घेऊन, लोकांच्या दारोदार मतं मागत फिरत होतो.

याचं मूळ फुटपाथमध्ये आहे. आमच्या गल्लीचा फुटपाथ आमच्या घराच्या दोन घरं अलीकडेच संपतो. पुढे खांब नाही, झाड नाही, काही नाही. नुसती त्याची इच्छा संपते. कोपऱ्यावरच्या एका घरी उमेदवाराला भेटायला आणि कॉफी प्यायला या, असं बोलावणं आलं, तेव्हा मी हे गाऱ्हाणं घेऊन गेलो. उमेदवारानं ते चक्क वहीत लिहून घेतलं. गाऱ्हाणं वहीत लिहून घेणारा पुढारी मी जन्मात पहिल्यांदा पाहत होतो. त्या भरात मीही दाराजवळच्या दुसऱ्या वहीत माझं नाव आणि फोन नंबर लिहून आलो. बायकोला घरी येऊन सांगितलं, तर ती म्हणाली, "फुटपाथ होईल तेव्हा होईल, तुझा कार्यकर्ता झाला."

निवडणूकही नव्या पद्धतीची होती. तोवर ऑस्टिनला वॉर्ड नव्हतेच, सगळे नगरसेवक अख्ख्या शहरातून निवडून यायचे. 2012 साली लोकांनी मतदान करून ठरवलं, की शहराचे दहा डिस्ट्रिक्ट पाडायचे, प्रत्येकाचा एक नगरसेवक आणि वर एक महापौर. 2014 ची निवडणूक ही त्यातली पहिलीच. साहजिकच हौशे, नवशे, गवशे सगळे उभे राहिले. आणि इथला नियम असा, की सगळ्यांत जास्त मतं मिळून भागत नाही, निम्म्याच्या वर जावं लागतं. कुणीच गेलं नाही, तर पहिले दोघं ठेवायचे, बाकीच्यांना घरी पाठवायचं आणि पुन्हा मतदान. 4 नोव्हेंबरच्या पहिल्या फेरीनंतर दहापैकी सात डिस्ट्रिक्टांत आणि महापौरपदासाठी अशी दुसरी फेरी लागली. तारीख 16 डिसेंबर, मंगळवार. आमचे उमेदवार पहिल्या दोघांत होते. मी मनातल्या मनात सुटलो म्हणत होतो, तो अजून सहा आठवडे वाढले.

आईला फोनवर हे समजावताना माझ्या नाकी नऊ आले.

"फेरमतदान? का रे, पेट्या पळवल्या का?"

"नाही गं. कुणाला निम्मी मतं मिळाली नाहीत, म्हणून."

"निम्मी कुणाला मिळतात? चिन्ह काय आहे?"

"चिन्ह नसतं इथं."

"पक्ष?"

"शहराच्या निवडणुकीत मतपत्रिकेवर पक्षही नसतो."

"मग लोक एकमेकांशी भांडतात कशावरून?"

तिचा या सगळ्यावर विश्वास बसेना. शेवटी मी सांगितलं, की डिस्ट्रिक्ट तीनमध्ये दुसऱ्या फेरीत सख्खा भाऊ आणि सख्खी बहीण एकमेकांसमोर उभे आहेत. हे मात्र अगदी खरं होतं. पुढे 2018 साली तीच दोघं पुन्हा दुसऱ्या फेरीत समोरासमोर आली. आईचा आवाज एकदम मायेचा झाला. "म्हणजे आपल्यासारखंच आहे की. वाटणीवरून असेल."

आता डिसेंबरबद्दल. ऑस्टिनच्या पश्चिमेच्या टेकड्यांवर एक झाड वाढतं. शास्त्रात ते जुनिपर, इथले लोक त्याला सीडर म्हणतात. डिसेंबर उजाडला, की त्यातली नर झाडं पराग सोडायला लागतात. इतके, की वारा आला की झाडातून धूर निघाल्यासारखं दिसतं. मग सगळं शहर नाक पुसत बसतं. याला सीडर फीवर म्हणतात. ताप नावापुरताच, बाकी नुसत्या शिंका. मला तो इथं आल्यावर तिसऱ्या वर्षी जडला. म्हणजे बघा, शिंकेनं एक निवडणूक घालवलेला माणूस, शहरातल्या सगळ्यांत शिंकाळू महिन्यात, लोकांच्या उंबऱ्यावर.

आम्हाला तासभर शिकवणी दिली होती. बेल वाजवायची आणि दोन पावलं मागे यायचं, म्हणजे माणूस दचकत नाही. हसायचं. नाव सांगायचं. "तुम्ही मत द्याल का?" असं विचारायचं नाही, "कोणत्या दिवशी द्यायला जाणार?" असं विचारायचं. मग यादीवर एक ते पाच आकडा टाकायचा, एक म्हणजे पक्का आपला, पाच म्हणजे पक्का त्यांचा. घरी कुणी नसेल तर पत्रक दाराच्या मुठीला अडकवायचं. टपालपेटीत चुकूनही नाही, कारण तिकीट न लावलेला कागद तिथं टाकणं हा इथं गुन्हा आहे.

माझ्या दारांवर व्हायचं ते असं. बेल वाजवली. दोन पावलं मागे. हसलो. दार उघडलं. "हॅलो, माझं नाव..." आणि आक्छी. समोरचा म्हणणार, "ब्लेस यू." "थँक यू. तर मी आपल्या डिस्ट्रिक्टच्या..." आक्छी. "ब्लेस यू." तिसऱ्या शिंकेला समोरच्याचाही सीडर जागा व्हायचा आणि आम्ही दोघं उंबऱ्याच्या दोन बाजूंना उभे राहून औषधांच्या गोळ्यांची नावं एकमेकांना सांगायचो. निवडणुकीचा विषय राहून जायचा. एका शनिवारी संध्याकाळी मी प्रचाराच्या ऑफिसात यादी दिली, तेव्हा समन्वयक पोरगी म्हणाली, "आज किती?" मी म्हटलं, "ब्लेस यू तीसच्या वर, मतं चार." ती हसली. मला हसू येईना.

बहुतेक दारांवर एकच वाक्य ऐकायला मिळे, "पण मी तर मत दिलं की गेल्याच महिन्यात." ती लबाडी नव्हती. लोकांना खरंच वाटे, की एकदा आहेर केला, आता पुन्हा कसला? नोव्हेंबरात जितकी मतं पडली त्याच्या निम्मीसुद्धा डिसेंबरात पडणार नव्हती, हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं. एक गृहस्थ मला म्हणाले, "माझ्या एका मतानं काय फरक पडणार?" त्यांना वाटलं असेल, नेहमीचं वाक्य टाकलं. त्यांना काय माहीत, की समोर उभा असलेला माणूस अकरा मतांचं ओझं घेऊन तीस वर्षं फिरतोय. मी त्यांना काका, कपबशी, दही, सगळं सांगितलं. ते घाबरून म्हणाले, "देतो, देतो." यादीवर मी एक लिहिला. (याच शहरात 2022 च्या महापौरपदाच्या दुसऱ्या फेरीत दोघांतला फरक अख्ख्या शहरात मिळून हजार मतांचाही नव्हता. आमच्या गणपतीच्या जेवणाच्या दोन-तीन पंगती कमी बसवल्या असत्या, तर महापौर बदलला असता. त्या गृहस्थांची मला तेव्हा फार आठवण आली.)

काही दारांवर "नो सॉलिसिटिंग" अशी पाटी असे. समन्वयक पोरीचं म्हणणं, ती पाटी विक्रेत्यांसाठी आहे, आपण काही विकत नाही. कायद्यानं तिचं बरोबरही असेल. पण माझी बायको पुण्याची. लग्नानंतर मी पाटी पाहिली की थांबतो, तिच्या हेतूची चिकित्सा करत नाही. ती सगळी घरं मी "भेट झाली नाही" या रकान्यात टाकली.

एका घरी मात्र बेल वाजवायच्या आधीच नाकाला कळलं. आतून लसणाची फोडणी येत होती. दार उघडलं ते सत्तरीच्या आजींनी. सुती नऊवारी, पायात लेकाचे लोकरी मोजे, हातात उलथनं. मी इंग्रजीत सुरुवात केली आणि शिंकलो. "ब्लेस यू"च्या जागी आलं, "अगं बाई, सर्दी झालीय का रे बाळा?"

आजी सोलापूरच्या. लेक-सून ऑफिसात, नातू शाळेत, आजी सहा महिन्यांच्या व्हिसावर. त्यांना वाटलं, मी वर्गणीला आलोय. कमरेचं पाकीट काढून त्यांनी माझ्यासमोर पाच डॉलर धरले.

"आजी, वर्गणी नाही. मत मागायला आलोय."

"मला कुठलं इथं मत? आत ये आधी. चप्पल राहू दे पायात, फरशी गार आहे."

यादीप्रमाणे एका दाराला तीन मिनिटं होती. मी पंचावन्न मिनिटं बसलो. कडक भाकरी, शेंगाची चटणी, वर दही. मधेच आजींनी विजेच्या शेगडीवर तवा ठेवला, त्यावर मूठभर ओवा परतला, लेकाच्या पांढऱ्या रुमालात घालून गाठ मारली आणि आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवून पाहिली, चटका बसतो का. मग ती पुरचुंडी माझ्या नाकाशी धरून म्हणाल्या, "ओढ." मी ओढला. डोळ्यांतून पाणी आलं, कान मोकळे झाले आणि पंधरा दिवसांत पहिल्यांदा दोन्ही नाकपुड्यांनी एकाच वेळी श्वास घेतला.

"तुझा माणूस काय करणार निवडून आल्यावर?" आजींनी विचारलं.

"फुटपाथ."

"कर म्हणावं. मला संध्याकाळी रस्त्यावरनं चालावं लागतं, गाड्या अंगावर येतात." आणि निघताना, "लेकाला मी सांगते. सुनेचं काही सांगता येत नाही, ती फार शिकलेली आहे."

रकान्यात मी लेकासमोर एक लिहिला, सुनेसमोर तीन. पुढच्या दारांवर मी बेल वाजवली, दोन पावलं मागे आलो, पुरचुंडी हुंगली आणि अखंड वाक्यं बोललो. फक्त एका घरच्या कुत्र्याला ओव्याचा वास आवडला नाही, किंवा फारच आवडला. त्या रुमालाचं एक टोक अजून त्याच्याकडे आहे.

मतदानाच्या दिवशी आम्हाला पाटी धरून केंद्राबाहेर उभं केलं. दारापासून शंभर फुटांच्या आत प्रचार करायला बंदी, म्हणून आखून दिलेल्या खुणेपलीकडे. त्या खुणेच्या अलीकडे काका दिसतायत, कपाळाला आठ्या घालून, असा मला सकाळभर भास होत होता. एकेक गाडी येई, माणूस उतरे, आणि त्यानं दाराकडे पाऊल टाकलं की माझं नाक हुळहुळायला लागे. ओवा केव्हाच गार झाला होता. मी श्वास रोखून धरायचो. बाजूला विरोधी उमेदवाराची पाटी धरलेल्या बाई उभ्या होत्या. अकराच्या सुमाराला त्यांनी न बोलता आपल्या खिशातला टिशू पेपरचा अख्खा पुडा माझ्या हातात दिला.

रात्री निकाल आला. आमचे उमेदवार निवडून आले, आणि चांगल्या फरकानं आले. ऑफिसात पिझ्झा होता, टाळ्या होत्या, समन्वयक पोरगी रडत होती. मी बाहेर येऊन सांगलीला फोन लावला. तिकडे सकाळ. काकांनीच उचलला.

"आई म्हणत होती, तिकडं निवडणुकीत फिरतोयस म्हणे."

"हो काका."

"शिंकलास का?"

खोटं बोलणं शक्य नव्हतं. नाक तेव्हाही वाहत होतं. "हो. बऱ्याचदा."

पलीकडे काही वेळ शांतता. मागे कुकरची शिट्टी झाली. मग काका हळूच म्हणाले, "मग? काय झालं?"

आत टाळ्या चालल्या होत्या. मी काचेचं दार नीट लावून घेतलं.

"पडले," मी म्हटलं.

"तरी म्हटलं!" काकांच्या आवाजात किती वर्षांनी असा तजेला आला होता. "कितीनं?"

"अकरा."