नॉमिनी लावलाय, मग मृत्युपत्र कशाला?

काका, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. मृत्युपत्रावरचा माझा लेख म्हणजे 'वकिलांच्या दुकानाची जाहिरात', असं तुम्ही लिहिलंय. फ्लॅटला काकूंचं नाव नॉमिनी म्हणून लावलंय, वडील एक ओळही न लिहिता गेले तरी तुम्हा भावंडांत वाद झाला नाही, बहिणींनी हसतमुखाने हक्कसोडपत्रावर सह्या केल्या. आणि नव्वदीची आई घरात असताना अडुसष्टाव्या वर्षी आपल्या मरणाचे कागद करणं तुम्हाला अभद्र वाटतं.

आधी दुकानाचं. मृत्युपत्राला वकील लागतोच असं नाही. साध्या कागदावर स्वतःच्या हाताने लिहिलेलं चालतं. स्टॅम्पपेपर नको, नोंदणीची सक्ती नाही. तुमची सही, आणि ती करताना तुम्हाला पाहणाऱ्या दोन साक्षीदारांच्या सह्या, एवढं पुरतं. (साक्षीदार वयाने लहान बघा, आपल्याआधी तेच गेले तर पंचाईत.) हे मी लेखाच्या शेवटी घाईघाईत उरकलं होतं, ती चूक माझी.

बहिणींचं कौतुकच आहे. पण कागद शेवटी करावा लागलाच ना? वडिलांनी केला नाही, तो बहिणींनी केला. आमच्याकडे तसं जमलं नाही. आजोबांच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर आज तेवीस नावं आहेत. त्यातली तिघं हयात नाहीत, एक कॅनडात. भांडण कुणाचंच नाही, तरी विहिरीसाठी कर्ज काढायचं म्हटलं की सह्या गोळा करता करता पाऊस येतो.

आता नॉमिनी. बँक नॉमिनीच्या हातात पैसे देऊन मोकळी होते. मालक कोण, हे मृत्युपत्र नाहीतर वारसा कायदा ठरवतो. शेअर्सचा तरी नॉमिनीच मालक, असं पुष्कळ जण धरून चालत. डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शक्ती येझदानी खटल्यात तेही नाही म्हणून सांगितलं. सोसायटीतसुद्धा नॉमिनी हा वारस ठरेपर्यंतचा तात्पुरता सभासद.

बायकांच्या बाबतीत तर कायदा फारच विचित्र वागतो. २००९ चा ओमप्रकाश विरुद्ध राधाचरण हा निकाल बघा. १९५५ साली लग्न झालेली मुलगी, तीन महिन्यांत नवरा साप चावून गेला, सासरच्यांनी घराबाहेर काढलं. माहेरी येऊन शिकली, नोकरी केली. १९९६ मध्ये वारली तेव्हा बँकेत आणि भविष्यनिर्वाह निधीत बरीच रक्कम होती, मृत्युपत्र नव्हतं. पैसा गेला नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांना. निःसंतान विधवेच्या स्वकष्टाच्या मिळकतीत नवऱ्याचे वारस आधी, तिचे आईवडील नंतर, अशी १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यातली उतरंड आहे. न्यायालयाने हळहळ व्यक्त केली, पण कायदा तो कायदा.

मृत्युपत्राने भांडणं होतच नाहीत, असा सूर माझ्या लेखात लागला असेल तर तो मागे घेतो. नोंदवलेल्या मृत्युपत्रालाही कोर्टात आव्हान देता येतं. वडिलोपार्जित मिळकतीतला फक्त आपला हिस्साच लिहून देता येतो, हेही खरं.

पण तुमच्याच घराचं बोलू. फ्लॅट तुमच्या कमाईचा आहे असं धरतो. मृत्युपत्र न करता तुम्ही गेलात, तर त्यात काकू, दोन्ही मुलं आणि तुमच्या आई, असे चार सारखे वाटे पडतील. हो, आईसुद्धा पहिल्या वर्गातली वारस आहे. पुढे आईही काही न लिहिता गेल्या, तर त्यांचा पाव हिस्सा तुमच्या भावाबहिणींत आणि तुमच्या मुलांत वाटला जाईल. काकूंना त्यातलं काही नाही. म्हणजे काकूंना फ्लॅट विकायचा झाला, तर तुमच्या बहिणींकडे पुन्हा एकदा सह्या मागायला जावं लागेल.