महत्त्व समजते

माझा धाकटा भाऊ औसा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर गुरुजी आहे. आसपासच्या शाळांच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत सामाजिक शास्त्रांच्या अध्ययन निष्पत्ती, म्हणजे पाठ झाल्यावर पोराला काय यायला हवं ती वाक्यं, स्वतःच्या शब्दांत लिहून आणायला सांगितलं होतं. बहुतेकांनी विकतच्या पाठ टाचणातून उतरवून दिलं. यानंही. वर घरच्या ग्रुपवर मत टाकलं, "सगळे कागदी घोडे. पोरं शिकवावीत का वाक्यं जुळवावीत?"

डोकंच फिरलं माझं. इकडं इंग्लंडात लेस्टरला आमच्या शाळेत तासाचं वाक्य आधी ठरतं. इयर फाइव्हला, म्हणजे नऊ-दहा वर्षांच्या पोरांना, इंग्लंडचा जुना राजा तिसरा रिचर्ड शिकवायचा तर 'राजाची माहिती होते' असं कुणी लिहीत नाही. 2012 साली इथल्या कार पार्कखाली सापडलेली हाडं त्याचीच, याचे दोन पुरावे पोरानं सांगायचे. वाकडा कणा म्हणेल, बहिणीच्या वंशजांशी जुळलेला डीएनए म्हणेल. सांगता आलं तर आलं, नाही तर उद्या परत. 'माहिती होते', 'समजते' हे होताना कुणाला दिसतं का?

भावाचं टाचण मागवून घेतलं. पाण्याच्या पाठापुढं लिहिलेलं: 'विद्यार्थ्यांना पाण्याचे महत्त्व समजते.' लातूर जिल्ह्यातल्या पोरांना! मी लिहून पाठवलं: 'एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी का आणावे लागले, याचे एक कारण पावसाचे व एक माणसाचे सांगतो.' पाऊस नव्हता, मांजरा धरण कोरडं पडलं, हे कुणीही सांगेल. दुष्काळी मुलखात एवढा ऊस कशाला, हे पोराच्या तोंडून यायला हवं.

त्याचा फोन आला. "अक्का, तुमच्या वर्गात तीस पोरं अन् दोन बाया. मी दोन वर्ग एका खोलीत घेऊन बसायलोय, वर बीएलओचं, मतदार यादीचं काम." मग जरा थांबून म्हणाला, "अन् ऊस आपलाबी होता की."

होता. त्याच्याच बिलातून माझं पहिलं तिकीट निघालं. रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यात आई टँकरच्या रांगेत होती आणि मी इथल्या पावसाला नावं ठेवत होते.

आणखी एक, जे ग्रुपवर सांगितलेलं नाही. ती वाक्यं मी लिहीत नाही. मी टीए आहे, वर्गातली मदतनीस. वर्गाच्या बाई लिहितात, मी छापील पट्ट्या कापून तीस वह्यांत ग्लू स्टिकनं चिकटवते. पोरं ती न वाचताच तारीख टाकून मोकळी होतात. तरी भावाला शिकवताना माझा आवाज हेडटीचरचा होतो.

काल त्यानं टाचणाचा फोटो पाठवला. अक्षर सुरेख, आमच्या अण्णांसारखं. वाक्य माझंच, रेल्वेसकट. फक्त 'एक पावसाचे व एक माणसाचे' च्या जागी 'दोन कारणे' केलंय.

का, ते मी विचारलं नाही. अंगठा टाकला.