कितवा नंबर?

गेल्या रविवारी कारेलीबागेत एका मुंजीला गेलो होतो. पंगतीत माझ्या जिम्नॅस्ट भाचीला, म्हणजे दादाच्या मुलीला, एकामागून एक पाच जणांनी विचारलं, "मग, नॅशनलला कितवा नंबर?" ती म्हणाली, "सातवा." पाचही जणांचे चेहरे पडले. "असू दे हं, पुढच्या वेळी." तिने मान हलवली आणि मठ्ठ्याचा पेला पुढे केला.

परतताना ॲक्टिव्हावर मागे बसून ती म्हणाली, "आत्या, ह्या वेळी मी बीमवरून एकदाही पडले नाही. ते कोणी विचारलंच नाही."

तेव्हापासून माझ्या मनातून ते जात नाही, म्हणून लिहितेय. आपल्या बडोद्यातल्या माणसांनी वाचावं, नात्यातल्यांनी तर नक्कीच.

बीम म्हणजे जमिनीपासून सव्वा मीटर उंचीवरची पाच मीटर लांब पट्टी. रुंदी फक्त १० सेंटीमीटर. दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराचा उंबरा साधारण तेवढाच आहे. त्या रुंदीवर दीड मिनिटाच्या आत उड्या, गिरक्या, मागे कोलांट्या घ्यायच्या आणि शेवटी हवेतून खाली येऊन दोन्ही पाय रोवून उभं राहायचं. सफाईचे गुण १० पासून सुरू होतात आणि कापले जातात. बारीक चूक झाली की ०.१, मोठी असेल तर ०.५, आणि पडलं की अख्खा १. गेल्या वर्षी ही मुलगी दोनदा पडली होती. यंदा ते दोन्ही गुण तिने हातचे जाऊ दिले नाहीत. एका वर्षाची कमाई होती ती, आणि आपण तिला "असू दे हं" म्हणालो.

२०१६ ची रिओ ऑलिंपिकची रात्र आठवते? दीपा कर्माकर व्हॉल्टच्या, म्हणजे धावत येऊन टेबलावरून उडी मारण्याच्या, फायनलमध्ये होती. ऑलिंपिकला पोचलेली भारताची पहिली महिला जिम्नॅस्ट, आगरतळ्याची मुलगी. प्रोदुनोवा नावाची जी उडी मारायला जगातल्या मोजक्याच जणी धजावल्या, ती तिने मारली. कांस्यपदक ०.१५० गुणांनी हुकलं. आमच्या घरी सगळे जागे होते आणि निकाल लागल्यावर सगळे गप्प झाले. भाची तेव्हा सहा वर्षांची, आजोबांच्या मांडीवर. चौथं येणं म्हणजे काय हे तिला कळत नव्हतं. सकाळी आम्ही चहाबरोबर हळहळत होतो आणि ही दिवाणावरून गादीवर उड्या मारत होती. तिच्या जिम्नॅस्टिक्सची सुरुवात तिथली आहे. चौथ्या नंबरातून झालेली.

आता आत्मविश्वासाबद्दल. "आत्मविश्वास ठेव" हे वाक्य तिला इतक्या वेळा ऐकावं लागतं की मला तिची कीव येते. दोन वर्षांपूर्वी बीमवर बॅक हँडस्प्रिंग, म्हणजे हातांवरून मागे उलटी उडी, घेताना तिचा पाय निसटला. मार फार नव्हता, पण त्यानंतर तीन आठवडे तिला ती उडी घेताच येईना. हात वर व्हायचे, गुडघे वाकायचे आणि ती तिथेच थिजायची. आम्ही सगळे समजावत होतो, वहिनी रोज देवापुढे दिवा लावताना तिला जवळ बसवत होती. कोचसरांनी मात्र एक शब्द समजावला नाही. त्यांनी तिला जमिनीवर आखलेल्या रेघेवर नेलं. मग जमिनीलगतच्या बुटक्या बीमवर. मग उंच बीमवर, पण दोन्ही बाजूंना बीमच्या उंचीपर्यंत मॅट रचून. मग रोज एकेक मॅट कमी. शेवटची मॅट निघाली त्या संध्याकाळी ती घरी आली आणि चार पोळ्या जेवली. तिला भीती गेली का विचारलं, तर म्हणाली, "भीती आहे. पण पाय कुठे पडणार ते आता माहीत आहे."

आजोबा हे ऐकत होते. ते लहानपणी आखाड्यात मल्लखांब करायचे. ज्या गावात जुम्मादादा आणि प्रो. माणिकराव या व्यायामगुरूंचं नाव आजही आदराने घेतात, त्या गावातला जुना माणूस. ते म्हणाले, "आम्हाला गुरुजी आधी खांबावरून उतरायला शिकवायचे. दसरंगासारख्या कसरती नंतर." मग दोघं बराच वेळ हवेत अंग कसं आवरायचं यावर बोलत बसले. अमेरिकेची जिम्नॅस्ट सिमोन बाइल्सने २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकला टीम फायनल अर्ध्यावर सोडली, तेव्हा आपल्याकडेही लोक म्हणाले की पोरगी घाबरली. त्याच वेळी आजोबांना भाचीने समजावलं होतं की गिरकीत असताना वर-खाली कुठे आहे तेच कळेनासं होतं, आणि तशी उडी मारली तर मान मोडू शकते. आजोबा म्हणाले होते, "मग बरोबर केलं तिने." काही दिवसांनी बाइल्सने बीमवर कांस्य घेतलं आणि २०२४ ला पॅरिसमध्ये तीन सुवर्णपदकं. पण आजोबांनी "बरोबर केलं" म्हटलं होतं ते ही पदकं यायच्या आधी, याचं मला जास्त कौतुक वाटतं.

एक स्पष्ट सांगते. ह्या मुलीला जिंकायचं नाही असं कोणी समजू नका. गेल्या वर्षी पडल्यावर ती हॉटेलच्या बाथरूममध्ये नळ सोडून रडली होती. तिला पदक हवंय, फार हवंय. पण बंगालच्या एका मुलीचा बारवरचा (दोन आडव्या दांड्यांवरचा) खेळ यंदा तिच्याहून सरस झाला, तेव्हा घरी आल्याआल्या तिने पहिल्यांदा तेच सांगितलं, आणि त्या मुलीची उतरताना घेतलेली गिरकी हाताने काढून दाखवली. तिच्याकडे दुसरीचं चांगलं पाहायला जागा आहे. आमच्या पिढीत ती फार कमी होती.

तिचा दिवस साधा आहे. सकाळी शाळा, दुपारी तासभर झोप, मग चार तास सराव, रात्री साडेनऊला दिवा बंद. यंदा दहावी, म्हणून गणिताची वही किट बॅगेतच असते. शनिवारी सेव-उसळ, जास्त तर्री घालून. नवरात्रात बडोद्यात घरी बसणं किती अवघड असतं ते तुम्हाला ठाऊक आहे. घोट्याला जपायचं म्हणून नऊ रात्रींपैकी एकच तिला मिळते, आणि त्या एका रात्रीसाठी ती महिनाभर आधी चनियाचोळी काढून ठेवते.

आणि एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. तिच्या अंगाबद्दल बोलणं थांबवा. "हात मुलासारखे झालेत", "उंची खुंटेल", "वजन वाढलं का गं?" मुंजीत हेही झालं. गेल्या वर्षभरात ती पाच सेंटीमीटर वाढली. उंची वाढली की गिरकीचा वेग बदलतो, बारवरची पकड सुटायची वेळ बदलते, येत असलेल्या गोष्टी पुन्हा पहिल्यापासून बसवाव्या लागतात. तिने त्या बसवल्या. तळहाताचे फोड फुटले, त्यावर पट्टी बांधून बसवल्या. त्या हातांना कोणी नावं ठेवली की माझ्या पोटात तुटतं.

पॅरिसला बीमवर रौप्य मिळवलेली चीनची झोउ याचिन घरी परतल्यावर आईवडिलांच्या खानावळीत ताटं वाढताना दिसली होती. तो फोटो भाचीने कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, "तिचं घर आपल्यासारखंच आहे ना."

आमच्या गच्चीवर तिने खडूने दोन रेघा आखल्या होत्या, मध्ये १० सेंटीमीटर. पावसाने त्या दर वेळी धुऊन जायच्या. काल मी पांढरा ऑइल पेंट आणला आणि दोघींनी पट्टी लावून पक्क्या रेघा ओढल्या. आज सकाळी वहिनीने त्याच्या अगदी कडेला उडदाचे पापड वाळत घातले होते. भाची रेघेवरून टाचा उचलून चालत गेली, टोकाला वळली, परत आली. एकही पापड हलला नाही.